आमेनच्या आत बल्ब

आमच्या गल्लीत कार्मेनमातेचा दिवा विझू द्यायचा नाही, एवढा एकच नियम पाळला जातो. बाकीचे सगळे, म्हणजे रस्त्यात गाडी धुवायची नाही, दुसऱ्याच्या तारेवरून वीज घ्यायची नाही, शेजारणीच्या झुलत्या खुर्चीत न विचारता बसायचं नाही वगैरे, आम्ही केव्हाच धाब्यावर बसवले आहेत. पण जुलै आला, सोळा तारखेच्या सणाआधीचे नऊ दिवस सुरू झाले आणि मारियामातेची मूर्ती त्या वर्षीच्या यजमानाच्या घरी बसली, की तिच्यापुढचा दिवा रात्रंदिवस जळलाच पाहिजे. विझला तर माता तिथल्या तिथे उचलायची आणि रांगेतल्या पुढच्या घरी न्यायची. यजमानाने मग उरलेलं आयुष्य मान खाली घालून काढायचं.

पूर्वी मेणबत्ती असे. मग एका वर्षी मातेच्या झग्यानेच पेट घेतला, तेव्हापासून बल्ब आला. बल्बही जुन्या पद्धतीचा, आतली तार तापून पिवळा उजेड देणारा. मध्यंतरी कोणीतरी नवा पांढरा एलईडी लावून पाहिला होता, पण त्या उजेडात माता नुकतीच इस्पितळातून घरी आणल्यासारखी दिसते असं निन्या एमिल्सेने जाहीर केलं आणि एलईडी बाद झाला. (आमच्या बारांकिया शहरात वयस्क बाईला आदराने 'निन्या' म्हणजे मुलगी म्हणतात; निन्या एमिल्सेचे सगळे दात केव्हाच गेले आहेत.) आता जुना बल्ब म्हटला की तो कधीतरी जाणारच. म्हणून गल्लीने एक सवलत ठेवली आहे. बल्ब गेला की हजर असलेल्यांपैकी सर्वांत वडील बाईने एक 'नमो मारिया' म्हणायची, आणि तिच्या आमेनच्या आत नवा बल्ब पेटला तर दिवा विझलाच नाही असं समजायचं. वीज कंपनीने सगळ्या गल्लीचीच वीज घालवली तर तेही धरायचं नाही. कंपनीची पापं यजमानाच्या माथी मारू नयेत, एवढा विवेक आमच्याकडे आहे.

या वर्षी नंबर लागला तो एव्हारिस्तो चारिस यांचा. चारिससाहेब नोटरीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. बायकोने भाजी आणायला सांगितली तरी ते "सदर भाजी आणण्यास माझी हरकत नाही" असं म्हणत. मातेच्या यजमानपदासाठी ते फार वर्षं झुरत होते. एकदा नंबर आला तेव्हा आई वारली, एकदा छप्पर गळलं, आणि एकदा समोरच्या निन्या एमिल्सेने "मी नवस बोललेय" असं सांगून त्यांचा नंबर पटकावला. यंदा मात्र माता चारिससाहेबांच्या घरी येणार हे नक्की झालं. रांगेतलं पुढचं घर होतं अर्थातच निन्या एमिल्सेचं, बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. ती आपल्या ओसरीत झुलत्या खुर्चीत बसली की चारिससाहेबांच्या दिवाणखान्यातली माशीसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे.

"टेबलावर पांढरं कापड टाक आणि ठेव मातेला," असं त्यांच्या बायकोने, नुरीसने सांगितलं होतं.

"टेबल? नुरीस, टेबल हे जेवणासाठी असतं. मातेला कोनाडा पाहिजे. भिंतीत. कमानीचा."

"कमानीचा!" नुरीस म्हणाली. "बरं. गवंडी तूच शोध, आणि त्याच्या चहा-कॉफीचंही तूच बघ. मी माझ्या बहिणीकडे जाते."

ती गेली नाही, पण जायला हवी होती. गवंड्याने शेजाऱ्याच्या आणि यांच्या मधल्या सामाईक भिंतीत कोनाडा खणायला घेतला. चारिससाहेब खुर्ची टाकून समोर बसले आणि "अजून थोडा खोल, अजून थोडा खोल" करत राहिले, कारण मातेच्या पाठीमागे बल्ब बसायला हवा होता आणि तो पुढून फारसा दिसायला नको होता. शेवटी छिन्नी आरपार गेली आणि त्या भोकातून एक डोळा दिसू लागला.

"कोंपाद्रे," डोळा म्हणाला, "तुमची छिन्नी माझ्या घरात आलीय. जेवायला थांबणार का ती?"

हा डोळा दागोबेर्तोचा. दागोबेर्तोच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला चारिससाहेब धर्मपिता म्हणून उभे राहिले होते, तेव्हापासून दोघे एकमेकांचे कोंपाद्रे. हे नातं फार अवघड असतं. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोंपाद्रेशी नाही. फार तर त्याच्याविषयी पाठीमागे कुरकुर करता येते, आणि चारिससाहेबांनी ती सोय पुरेपूर वापरली होती. कारण दागोबेर्तोकडे पिको होता.

पिको म्हणजे ध्वनिक्षेपक नव्हे; ध्वनिक्षेपक हे त्याचं लहानपणीचं नाव झालं. कपाटाहून उंच रंगीत पेटी, तिच्यात परातीएवढाले भोंगे, पुढे भडक चित्र, आणि आवाज असा की गल्लीतल्या आजारी माणसाचं हृदय आपला ताल सोडून त्याचा धरतं. दागोबेर्तोच्या पिकोचं नाव 'झिंगलेला पाणकोळी'. पेटीवर काळा चष्मा लावलेला पाणकोळी पक्षी बाटली घेऊन उडतो आहे असं चित्र होतं. दर शनिवारी हा पक्षी चारिससाहेबांच्या भिंतीपलीकडे उडायला लागे आणि त्यांच्या कपाटातल्या बश्या नाचायला लागत.

माता घरी येणार म्हटल्यावर चारिससाहेबांनी कोंपाद्रेला एक शब्द न बोलता थेट चर्चमध्ये जाऊन पाद्रे इल्देमारोंना गाठलं आणि नऊ दिवस पिको बंद ठेवण्याचा हुकूम आणला. दागोबेर्तोने तो निमूटपणे मानला. एवढंच नाही, तर रिकामा वेळ मिळाला म्हणून त्याने सगळे भोंगे पेटीतून काढून घरात नेले आणि पेटी रंगवायला घेतली.

"बघितलंस?" चारिससाहेब नुरीसला म्हणाले. "कायद्याने गेलं की सगळं होतं."

कोनाड्याच्या भोकावर गवंड्याने गिलाव्याचा पापुद्रा ओढला, वर निळा रंग दिला, आणि माता वाजतगाजत येऊन बसली.

पहिल्या संध्याकाळी जपमाळ चालू असताना निन्या एमिल्सेने जप मध्येच थांबवला.

"चारिस, तुमचा दिवा थरथरतोय."

सगळ्यांनी माना उंचावल्या. खरंच, मातेच्या खांद्याआडून डोकावणाऱ्या बल्बमधली तार थंडी वाजल्यासारखी थरथरत होती. लख्ख उजेड, पण तार एका जागी ठरेना. बारीक गुणगुणही ऐकू येत होती. चारिससाहेबांनी बल्ब फिरवून घट्ट केला; तार थरथरतच राहिली. दुसरा लावला, तोही थरथरला.

आणि इथून सल्ले सुरू झाले. आमच्या गल्लीत सल्ल्यासाठी कोणाला हात पसरावा लागत नाही. न्हाव्याने सांगितलं की होल्डर ढिला आहे. होल्डर बदलला. हार्डवेअरच्या दुकानदाराने सांगितलं की वायर जुनी आहे. वायर बदलली, आणि ती बदलताना कोनाड्याची कमान ढासळली ती पुन्हा बांधली. कोणी म्हणालं, घराखाली पाणी आहे. कोणी म्हणालं, घराखाली सोनं आहे, आणि हे ऐकल्यावर दोन अनोळखी माणसं दिवसातून तीनदा दारावरून चकरा मारू लागली. निन्या एमिल्सेचं निदान सर्वांत सोपं होतं.

"या घरात कोणाच्या तरी मनात पाप आहे," ती म्हणाली. "मी नाव नाही घेत."

ती पाहत मात्र चारिससाहेबांकडे होती. गंमत म्हणजे, चारिससाहेबांनी रात्रभर खरोखरच आठवून पाहिलं. एका गहाणखताच्या बाबतीत त्यांना थोडी शंका आली, पण ते प्रकरण मुदतबाह्य झालं होतं.

दुसऱ्या संध्याकाळी, भर जपात, टिंग असा आवाज होऊन बल्ब गेला.

"नमो मारिया कृपापूर्ण प्रभु तुझ्याठायी," निन्या एमिल्सेने एका दमात सुरुवात केली. एरवी ही बाई प्रार्थना म्हणायला लागली की मधल्या मध्ये लोक घरी जाऊन तव्यावरचं उतरवून यायचे. त्या दिवशी तिची जीभ लिलाव पुकारणाऱ्यासारखी सुटली होती. चारिससाहेब स्टुलावर चढले, तापलेला बल्ब धरला, "आई गं" म्हणाले, सोडला, रुमालात धरला, काढला, खिशात हात घातला, खिसा चुकीचा निघाला, नुरीसने खालून नवा बल्ब फेकला, तो त्यांनी झेलला, फिरवला, आणि "आमच्या मरणाच्या वेळी" इथे उजेड पडला.

"आमेन," निन्या एमिल्से म्हणाली. तिच्या आवाजात जराही भक्तिभाव नव्हता.

त्यानंतर हे रोजचंच झालं. कोणताही बल्ब धड दिवसभर टिकेना. चारिससाहेबांच्या बोटांची टोकं भाजून गुळगुळीत झाली. त्यांनी दारं लावून सराव केला. नुरीस घड्याळाऐवजी प्रार्थना म्हणायची आणि ते स्टुलावर चढायचे. निन्या एमिल्सेची प्रार्थना मात्र दर दिवशी आणखी वेगवान होत चालली. चौथ्या दिवशी तर तिने कृपापूर्णवरून थेट मरणाच्या वेळेवर उडी मारली, तेव्हा नुरीसने लोकांसमक्ष हरकत घेतली आणि मधला भाग पुन्हा म्हणायला लावला. त्या भरपाईत चारिससाहेब वाचले.

अखेर ते वीज कंपनीच्या कचेरीत गेले. इस्त्रीचा पांढरा सदरा, काखेत गेलेल्या बल्बांची पिशवी.

"वीज गेलीय का?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"नाही. आहे."

"मग बिल जास्त आलंय."

"नाही. बाई, माझ्या बल्बमधली तार थरथरते."

बाईने त्यांच्याकडे, मग पिशवीकडे आणि पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. "काका, आमच्याकडे तक्रारी तीनच. वीज नाही, वीज कमी, बिल जास्त. थरथरणं आमच्याकडे येत नाही."

"मग ते कोणाकडे येतं?"

"घरी आणखी कोणी आहे का तुमच्या?" बाईने हळू आवाजात विचारलं. तिने त्यांना पाण्याचा ग्लास दिला, पंख्याखाली बसवलं आणि शिपायाला सांगून टॅक्सीत घालून परत पाठवलं. चौतीस वर्षं नोटरीच्या कचेरीत दुसऱ्यांना खिडकीवरून परत पाठवणाऱ्या माणसाला हा प्रसंग फार लागला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. म्हणजे संध्याकाळी भूक लागल्यावर दोन अरेपा, म्हणजे अंडं भरून तळलेल्या मक्याच्या भाकऱ्या, खाल्ल्या, पण त्याला जेवण म्हणत नाहीत.

आणि मग नेव्हेर आला. नेव्हेर हा बसचा ड्रायव्हर. कार्मेनमाता आमच्याकडे ड्रायव्हर लोकांची आई. सोळा तारखेला शहरातल्या सगळ्या बसगाड्या फुगे बांधून भोंगे वाजवत तिच्यामागून निघतात. नेव्हेरने रिवाजाप्रमाणे आपल्या बसच्या किल्ल्या मातेच्या पायाशी ठेवण्यासाठी हात पुढे केला. तेवढ्यात किल्ल्यांचा लोखंडी जुडगा त्याच्या बोटांतून निसटला, आडवा झाला, आणि खट्‌ करून कोनाड्याच्या मागच्या भिंतीला चिकटला. पडला नाही. तिथेच राहिला.

मग नेव्हेर गुडघ्यांवर कोसळला आणि म्हणाला, "माते, ब्रेकचं काम या आठवड्यात करून घेतो गं, शपथ!"

ही बातमी बसने गेली, म्हणजे नेव्हेरने प्रत्येक थांब्यावर सांगितली. दुसऱ्या दिवशी दुपारपासूनच चारिससाहेबांच्या दारात रांग लागली. टॅक्सीवाले, ट्रकवाले, एक रुग्णवाहिका चालवणारा, तो तर गाडीत पेशंट ठेवून आला होता. सगळ्यांच्या किल्ल्या खटाखट भिंतीला चिकटत होत्या आणि दिवा थरथरत होता. आता त्या थरथरण्याला कोणी दोष म्हणेना. "माता बोलतेय," लोक म्हणायला लागले. पाद्रे इल्देमारो येऊन गेले, बराच वेळ हनुवटी खाजवत उभे राहिले आणि "घाई नको" एवढंच बोलून परतले. चारिससाहेब दारात उभे राहून लोकांना रांगेत सोडत होते. ज्यांनी इतकी वर्षं त्यांना रस्त्यात ओळख दिली नव्हती ते आता त्यांचा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणत होते. खोटं कशाला बोला, चारिससाहेबांना ते फार आवडलं.

एका माणसाला मात्र ते आवडलं नाही. निन्या एमिल्से आपल्या ओसरीत एकटीच झुलत बसली होती आणि रांगेची पाठ तिच्याकडे होती.

गर्दी पांगल्यावर चारिससाहेब कोनाड्यासमोर उभे राहिले. चिकटलेल्या एका विसरलेल्या किल्लीकडे पाहताना त्यांना काहीतरी ओळखीचं वाटू लागलं. नोटरीच्या कचेरीत त्यांच्या टेबलावर टाचण्यांची डबी असे. तिच्या तोंडाशी चुंबक होतं, आणि टाचण्या तिला अगदी अशाच आडव्या चिकटून बसत. त्यांनी नुरीसच्या अंबाड्यातली पिन काढून घेतली ("अरे काय चाललंय?" नुरीस म्हणाली) आणि कोनाड्यात धरली. खट्‌.

चारिससाहेबांनी चपला घातल्या आणि ते शेजारी गेले.

दागोबेर्तोच्या घरात, नेमक्या त्या भिंतीशी, पाणकोळ्याचे तीन मोठे भोंगे रचून ठेवले होते. कागदी पडदे खोलीकडे, लोखंडी पाठी भिंतीकडे. प्रत्येक पाठीवर पोळपाटाएवढं काळं चुंबक, आणि वरच्या भोंग्याचं चुंबक गवंड्याच्या पापुद्र्याला टेकलेलं.

"पडद्यांना भिंतीची ओल लागू नये म्हणून असे ठेवलेत, कोंपाद्रे," दागोबेर्तो म्हणाला. "तुम्हीच तर बंद करायला लावलेत. एरवी पेटीत सुखात असतात."

चारिससाहेब तिथल्याच एका पिंपावर बसले. शाळेत एका पाद्री मास्तरांनी पेटत्या बल्बजवळ चुंबक धरून दाखवलं होतं ते त्यांना आता लख्ख आठवलं. घरातली वीज तारेतून एका दिशेने जात नाही. ती सेकंदाला कितीतरी वेळा पुढे-मागे करते. चुंबक तिला प्रत्येक वेळी बाजूला ढकलतं, आणि विजेबरोबर तारही फरफटते, एकदा इकडे, एकदा तिकडे. तापून मऊ झालेली तार असं किती वेळ सोसणार? पाप कोणाच्याच मनात नव्हतं. पाप होतं ते हुकुमात, आणि तो हुकूम चारिससाहेबांनी स्वतः आणला होता.

आता खरं बोलावं की नाही? खरं बोललं तर चमत्कार गेला, मान गेला, आणि गेल्या आठवड्याचं हसं व्हायचं ते झालंच. गप्प बसावं, तर हार्डवेअरवाल्याने दुपारीच सांगितलं होतं की जुने बल्ब संपले. त्याच्याकडचे शेवटचे दोन चारिससाहेबांकडे होते. एक कोनाड्यात, एक खिशात. सण दोन दिवसांवर आला होता. हे दोन्ही गेले की निन्या एमिल्से आमेन म्हणणार, माता रस्ता ओलांडणार, आणि पुढचा नंबर येईपर्यंत चारिससाहेब कोणत्या जगात असतील कोण जाणे. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नोटरीच्या कचेरीत ते कधी आलं नव्हतं.

"कोंपाद्रे," ते म्हणाले, "हे भोंगे इथून हलवा. का ते विचारू नका."

"हलवू कुठे? घरात बायको मला स्वतःलाच जागा देत नाही. पेटीत बसवावे लागतील. आणि पेटी दारातून आत येत नाही, ती रस्त्यावरच उभी राहणार."

"राहू दे."

"उभा पिको आणि न वाजणारा? लोक विचारतील, मेला का?" दागोबेर्तोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असं करा. तुम्हीच पाद्रेंकडे जा आणि सणाच्या दिवशी मिरवणुकीत मातेचं स्तोत्र पाणकोळ्यावर वाजवायची परवानगी आणा. मग मी आत्ता हलवतो."

ज्या तोंडाने हुकूम आणला त्याच तोंडाने परवानगी मागायची. चारिससाहेब पिंपावरून उठले. "सदर गोष्टीस माझी हरकत नाही," ते म्हणाले.

"पेटी ठेवू कुठे? पाठीची फळी अजून वाळतेय, उघड्या पाठीत पाऊस शिरायला नको."

आणि इथे चारिससाहेबांच्या मनात, जिथे आठवडाभर शोधूनही पाप सापडलं नव्हतं, तिथे ते टुणकन उगवलं. समोर निन्या एमिल्सेच्या खिडकीवर रुंद छज्जा होता. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला तिची स्वतःची कार्मेनमातेची तसबीर होती, आणि तसबिरीपुढे जुना, पिवळा, तारेचा बल्ब.

"तिथे," त्यांनी बोट दाखवलं. "छज्ज्याखाली. पाठ खिडकीच्या गजांना अगदी चिकटवून ठेवा. पाऊस लागणार नाही."

जाऊ देत तिचेही चार बल्ब, भाजू देत तिचीही बोटं, असं मनात म्हणत ते घरी आले आणि त्या दिवशी व्यवस्थित जेवले.

दुसऱ्या संध्याकाळी कोनाड्यातला दिवा असा स्थिर जळत होता की त्याचं तैलचित्र काढावं. चारिससाहेब कृतार्थ झाले. रांग आली. पहिल्या टॅक्सीवाल्याने किल्ली भिंतीला लावली. ती खण्णकन खाली पडली. दुसऱ्याची पडली. नेव्हेरने स्वतः पुढे होऊन जुडगा लावला, दाबून धरला, सोडला, तो त्याच्या अंगठ्यावर पडला.

"रुसली," नेव्हेर म्हणाला. "ब्रेक नाही केले मी."

"दिवापण गप्प झालाय," मागून कोणीतरी कुजबुजलं. रांग चुळबुळायला लागली. नुरीस सत्तर माणसांपुरतं चिंचेचं सरबत करून तबक घेऊन उभी होती.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून आरोळी आली. "थरथरतोय! इकडे थरथरतोय!"

बघता बघता दिवाणखाना रिकामा झाला. सगळी रांग, टॅक्सीवाले, ट्रकवाले, लंगडणारा नेव्हेर, रस्ता ओलांडून निन्या एमिल्सेच्या घरात शिरली. तिच्या खिडकीच्या लोखंडी गजांवर किल्ल्या खटाखट बसत होत्या आणि तसबिरीपुढचा बल्ब थरथर कापत होता. खिडकीबाहेर रंगवलेला पाणकोळी गल्लीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या पाठीकडे कोणाचंच लक्ष नव्हतं.

चारिससाहेब कोनाड्याशी एकटे उभे राहिले. नियमाने माता त्यांच्याकडे होती. दिवा विझला नव्हता, आता विझणारही नव्हता. त्यांनी सगळं जिंकलं होतं आणि बघायला कोणी नव्हतं.

"सरबताचं काय करू?" नुरीसने विचारलं.

"ठेव," ते म्हणाले.

इतक्यात समोरून टिंग ऐकू आलं आणि खिडकी काळोखली. लोकांनी एकच आवाज केला. मग त्या गलबल्यातून निन्या एमिल्सेची प्रार्थना सुरू झाली. तसबीर तिची स्वतःची, तिला गल्लीचा नियम लागू नव्हता. पण सवयीने म्हणा, भीतीने म्हणा, तिने सुरू केली.

"न...मो... मारि...या..."

इतकी सावकाश प्रार्थना आमच्या गल्लीत आजवर कोणी म्हटलेली नाही. एकेक अक्षर ती दोरीसारखं ओढून धरत होती. प्रत्येक शब्दानंतर थांबत होती, आणि रस्त्यापलीकडे चारिससाहेबांच्या दाराकडे पाहत होती. आख्ख्या वस्तीत जुना बल्ब कोणाच्या खिशात आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"जाऊ नकोस," नुरीस म्हणाली. "शेवटचा आहे तो." मग तिनेच त्यांना हळूच दाराबाहेर ढकललं.

चारिससाहेबांनी रस्ता ओलांडला. लोकांनी वाट दिली. ते स्टुलावर चढले, रुमाल काढला, तापलेला बल्ब एका झटक्यात उतरवला, आणि नवा हातात घेऊन खिडकीशी वाकले. त्यांच्या कानाशीच निन्या एमिल्से "आम्हा... पा...प्यां...साठी..." वर पोहोचली होती. तिथे ती थांबली आणि ओठ न हलवता कुजबुजली.

"चारिस, ती पेटी सणापर्यंत तिथून हलवू नका हं."

चारिससाहेबांचा हात जागीच राहिला. "तुम्हाला... कळलंय?"

"माझी कात्री सकाळपासून खिडकीच्या गजाला लटकलीय. मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मग तिने खोलीभर दाटलेल्या माणसांकडे पाहिलं. कोणी तिच्या पलंगावर बसलं होतं, कोणी तिच्या चुलीपाशी जाऊन विचारत होतं की पाणी कुठे आहे. "नवरा गेल्यापासून, मातेचे ते नऊ दिवस सोडले तर, या घरात दुसरं माणूस आलं नव्हतं. मूर्ती मला कशाला हवी होती असं वाटलं तुम्हाला?"

एवढी वर्षं चारिससाहेब रांग मोडल्याबद्दल तिच्यावर दात धरून होते. तिला काय पाहिजे होतं ते त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"माझी हरकत नाही," ते म्हणाले. मग थोडा विचार करून पुढे म्हणाले, "नुरीसने चिंचेचं सरबत केलंय, सत्तर माणसांचं. तेही इकडेच पाठवतो."

त्यांनी बल्ब फिरवला. पिवळा उजेड पडला, तार पुन्हा थरथरायला लागली, नेव्हेरने गुडघे टेकले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. निन्या एमिल्सेने उजेड नीट पाहून घेतला, डोळे पुसले, आणि मग गल्लीच्या दोन्ही टोकांना ऐकू जाईल असं आमेन म्हटलं.